पांढऱ्या शर्टातला माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

चष्मेवाले आले. दुकानाचं शटर वर करून दहा मिनिटंही झाली नव्हती. काउंटरवर फोन ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा कॅमेरा."

माझाच. गल्लीच्या तोंडाशी खांबावर मीच लावलेला, दोन वर्षांपूर्वी. गल्लीवाले म्हणाले होते सगळ्यात साधा द्या, मी दिला.

अकरा सेकंदांचं चित्रण आहे. वर वेळ – पहाटे ४:५२. चष्मेवाल्यांची बायको गल्लीतून जाते. ती आहे हे पिशवीवरून कळतं, चेहऱ्यावरून नाही. चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. तिच्या मागे दोन पावलांवर एक उंच माणूस. लांब पांढरा शर्ट, पार गुडघ्यापर्यंत. दोघं गल्लीच्या फाटकाच्या दोन पायऱ्या उतरतात आणि चित्र संपतं. त्या पहाटेपासून ती घरी नाही. आज बावीस दिवस झाले.

पोलिसांनी अकरा सेकंद पाहून सांगितलं म्हणे – सज्ञान बाई आहे, आपल्या पायांनी चालली आहे, आम्ही काय करणार.

चष्मेवाल्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. "मला एवढंच सांगा. कोणता कॅमेरा असता तर याचा चेहरा दिसला असता?"

मी गिऱ्हाइकांना डब्यावर छापलेलं वाचून दाखवते. डब्यावर सगळेच अंधारात लख्ख असतात.

म्हणाले, "नवा मी बसवतो गल्लीसाठी. पण आधी दोन-तीन लावून बघू. त्याच खांबावर, त्याच वेळी. उजेड तोच हवा ना."

बरोबर बोलले. हो म्हणून बसले. ते अकरा सेकंद माझ्या हातचे आहेत, हे दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दवाखान्यात रात्रपाळीला निघाल्या होत्या. चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "नाही म्हणून सांग त्याला." का, तर – "फार मऊ बोलतो तो."

हे काय कारण झालं!

४ नोव्हेंबर, मंगळवार

शिडी लावून खांबावर दोन नवे बसवले. जुना तसाच ठेवला. आता एका खांबावर तीन डोळे.

पहिला, म्हणजे जुना. अंधार पडला की स्वतःचा दिवा लावतो, पण तो दिवा माणसाला दिसत नाही. चित्र काळं-पांढरं येतं. दुसरा त्याच जातीचा, पण त्याचा उजेड टिपणारा सेन्सर मोठा. तिसरा रंगीत, त्याची लेन्स बशीसारखी रुंद. रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याचा उजेडही तो गोळा करतो आणि अंधारात रंग दाखवतो. निदान डब्यावर तसं म्हटलंय.

चष्मेवाले खाली शिडी धरून उभे होते. मी उतरले तेव्हा पाहिलं, त्यांच्या हातात त्यांच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता होता. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. "हा धरून मी उभा राहीन. कोणता कॅमेरा कितव्या ओळीपर्यंत वाचतो ते बघू."

कबूल करते – कल्पना मला आवडली. बारा वर्षं कॅमेरे विकतेय, मला कधी सुचलं नाही. हे गेल्यावर दुकान मी चालवते खरं, पण त्यांच्यासारखी वस्तूशी खेळत बसत नाही मी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे पावणेपाचला गल्लीत. मी फोनवर चित्र बघत खांबाखाली, ते तक्ता छातीशी धरून फाटकापाशी. एक कुत्रंही नव्हतं.

जुना: तक्ता म्हणजे नुसता पांढरा चौकोन. चित्रभर मुंग्या चालतात. दुसरा: दहा पावलांवर चौथी ओळ, वीस पावलांवर दुसरी. जवळ आले की त्याचाच दिवा चेहऱ्यावर आपटतो आणि नाकडोळे उडून जातात, अंडं सोलावं तसा चेहरा. तिसरा: वीस पावलांवर पाचवी ओळ, रंगासकट! मफलर तपकिरी आहे हे कळलं.

मग म्हणाले, "आता चालतो."

चालायला लागल्यावर तिघांचंही पितळ उघडं पडलं. अंधारात कॅमेरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, तेवढ्यात माणूस पुढे सरकतो. जुन्यात तर त्यांच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. विटा मोजता आल्या असत्या. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन ते पाहिलं. नंतर म्हणाले, "म्हणजे न हलणारा माणूसच तेवढा दिसतो."

"हो. उभा राहिला की स्पष्ट."

"मग मला जमेल ते."

विनोद केला असावा. मी हसले. ते हसले नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर डोळ्यांसमोर मुंग्या. गिऱ्हाइकाशी बोलतानाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचं लिहू की नको असं झालंय.

काल संध्याकाळी चष्मेवाले दुकानात आले, हातात कागदाची पिशवी. आत बायकोचा मोरपंखी स्वेटर आणि तिच्याकडे असते तशीच दुसरी पिशवी. म्हणाले, "तुमची उंची तीच आहे. तुम्ही चाललात तर जुन्या चित्राशी ताडून बघता येईल. मागच्या माणसाची उंचीही मग काढता येईल."

हिशेबाला चुकीचं काही नव्हतं. म्हणून गेले.

स्वेटर घट्ट बसला. अजून तिच्या साबणाचा वास येत होता. मी फाटकापर्यंत चालले. ते म्हणाले, "जरा हळू." पुन्हा चालले. "पाऊल एवढं लांब नको, ती छोटी टाकते." पुन्हा. "पिशवी डाव्या हातात." पुन्हा. पाचव्यांदा त्यांनी माझ्यामागे दोन पावलांवर चालायला सुरुवात केली. त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता.

"इथे ती मागे वळून बघते," ते म्हणाले.

मी वळले.

त्यांचा चेहरा इतका जवळ होता की एक पाऊल मागे सरकले आणि पायरी चुकली. त्यांनी दंड धरला. पडू दिलं नाही, हे खरं. पण दंड सोडायलाही वेळ लावला.

घरी येऊन जुने अकरा सेकंद पुन्हा लावले. दहा वेळा पाहिले असतील. ती कुठेही मागे वळून बघत नाही. एकदाही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

स्वेटर परत द्यायचा म्हणून घडी घालत होते, खिशात कागद लागला. बायकी अक्षर, पेन्सिलने. दूध – गेले ८:१०, आले ८:२५. भाजी – गेले ५:३०, आले ६:०५. त्या सहा-पाचला लाल पेनाने गोल. दुसऱ्याच हाताचा गोल. बाजूला लिहिलेलं – "पाच मिनिटं कुठे?"

कागद तसाच खिशात ठेवला. स्वेटर देताना राहवलं नाही, विचारलंच. जरासुद्धा गडबडले नाहीत. "ती विसराळू आहे हो. नसलेल्या गोष्टी दिसतात तिला, असलेल्या विसरते. लिहून ठेवलं की तिचं तिलाच बरं."

ऐकताना पटलंही. त्यांच्या तोंडून काहीही पटतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज फार मोठी गोष्ट हाती लागली.

पहाटे गारठा होता. चष्मेवाले काळं जाकीट घालून आले – ते सरसर वाजणारं, नायलॉनचं. नेहमीसारखे फाटकापाशी उभे राहिले. मी फोनमध्ये पाहिलं आणि चरकले. जुन्या कॅमेऱ्यात फाटकापाशी पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा होता.

मान वर केली – काळं जाकीट. खाली फोनमध्ये – पांढरं. तिसऱ्या कॅमेऱ्यात काळंच.

मग लक्षात आलं. जुन्या कॅमेऱ्याचा जो न दिसणारा दिवा, त्याचा उजेड काही कृत्रिम धाग्यांवरून सगळाच्या सगळा परत फिरतो. आपल्या डोळ्यांना काळं, त्याला पांढरं. हे मला माहीत असायला हवं होतं. कंपनीच्या माणसाने कधीतरी सांगितलंही होतं, या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं मी.

पळतच गेले त्यांच्याकडे. "अहो, पांढरा शर्ट नव्हताच! काळं किंवा गडद निळं काहीतरी होतं. नायलॉन, टेरिकॉट असलं. महिनाभर तुम्ही भलत्याच माणसाला शोधताय!"

ते पायरीवर बसले. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलासारखे. म्हणाले, "तुम्ही मला डोळे दिलेत."

इतकं बरं वाटलं मला. दिवसभर गुणगुणत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

औषधांच्या दुकानातला गृहस्थ रिमोटचे सेल घ्यायला आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुम्ही चष्मेवाल्याला काही सांगितलंत का?"

का, म्हटलं.

"मी दुकानात पांढरा कोट घालतो ना. तीन आठवडे रोज पहाटे तो माझ्या घरासमोर उभा असायचा. बोलायचा नाही, दार वाजवायचा नाही. नुसता उभा. मुलगी शाळेला जायला घाबरायची. हटकलं तर म्हणायचा, रस्त्यावर उभं राहायला बंदी आहे का? आज पहिल्यांदाच आला नाही."

"सुटलात मग."

"मी सुटलो," तो म्हणाला. सेल खिशात टाकले आणि दारातून मागे वळून, "आता कोणासमोर उभा राहतोय कोण जाणे."

गुणगुणणं बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज दुकान अर्धा दिवस. त्या कापडाचा किडा डोक्यातून जाईना, म्हणून जुन्या जातीचा एक कॅमेरा घरी आणला. दुपारीच मागच्या खोलीचे पडदे ओढले, फटींना चादरी लावल्या, दाराच्या खिळ्याला एकेक कपडा लटकवून फोनमध्ये बघत बसले.

यांची काळी सुती पँट – काळीच. छत्री – राखाडी. माझी काळी शाल – मळकट पांढरी. मजा वाटत होती. कुठला काळा खरा आणि कुठला खोटा, याची यादीच करायला घेतली.

मग हाताला लागला तो दोरीवरून काढून आणलेला सासूबाईंचा कोट. दवाखान्यातल्या आयांना देतात तो. गडद निळा, इस्त्री न लागणारा, गुडघ्याइतका लांब.

खिळ्याला लावला. दिवा बंद केला. फोनमध्ये पाहिलं.

दारात दुधासारखा पांढरा माणूस उभा होता.

किती वेळ बघत होते कोण जाणे. वाऱ्याने कोट जरासा हलला तशी मी दिवा लावला. निळा कोट, खिळा, दार. दुसरं काही नाही.

मग अकरा सेकंद लावले. आजवर मी कपडे आणि चेहराच बघत होते. आज पायांकडे पाहिलं. उंच माणूस फाटकाच्या लोखंडाला उजवा हात लावतो, अंग आडवं करतो, आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच्याजवळ. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. उजवा गुडघा वाकत नसलेलं माणूस उतरतं तसं.

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या असं उतरताना मी सहा वर्षं रोज पाहतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई लसूण सोलत होत्या. मी कोट त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी एक पाकळी सोलून पूर्ण केली. "लागला वाटतं पत्ता."

"त्या रात्री तुमची पाळी होती ना?"

"नव्हती. तुला सांगितलं होती म्हणून. कोट एवढ्यासाठी घातला की कोणी पाहिलं तर म्हणेल, आया चालली कामावर."

मग सगळं सांगितलं. चष्मेवाल्याची बायको दवाखान्यात बोटाची पट्टी बदलायला यायची. तो बाहेर घड्याळ बघत बसायचा. पट्टी बांधता बांधता सासूबाईंनी दोन शब्द विचारायचे, तिने एक सांगायचा. असं चार वेळा झालं. घरात चिमटा जागेवरून हलायचा, चावी हरवायची, आणि मग तिच्याच उशीखाली सापडायची. तो म्हणायचा, बघ, तूच ठेवलीस. पाचव्या वेळी तिने सासूबाईंचा हात धरून विचारलं, "मावशी, मी बोलते ते तुम्हाला ऐकू येतंय ना? की हेही मला नुसतं वाटतंय?"

"त्या दिवशी ठरवलं मी," सासूबाई म्हणाल्या. "बोट कशाने मोडलं होतं ते तर मी विचारलंही नाही. तो एवढा एकच प्रश्न बास झाला मला."

"कुठे आहे ती?"

"ते नाही सांगणार. तुला माहीतच नसलं तर खोटं बोलायची पाळी येणार नाही."

तेव्हा मला बुधवारचं सांगावं लागलं. काळं कापड, पांढरं दिसणं, मी पळत जाऊन त्याला दिलेली बातमी. सांगताना त्यांच्या हाताकडे बघत होते. लसणीवरचं बोट थांबलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "तुझी काय चूक. तू कॅमेऱ्याचं बोललीस."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तो आला. (आता 'ते' लिहवत नाही.)

मी तयारीत होते. यांची सुती काळी पँट दुकानात आणून ठेवली होती. म्हटलं, "अहो, मी फसले त्या दिवशी. बघा, ही काळी पँट काळीच दिसते. तुमच्या जाकिटावर दव पडलं असणार, म्हणून चकाकलं. चित्रातला शर्ट पांढराच आहे."

त्याने पँट हातात घेतली. बोटांनी कापड चोळलं. घडी घालून परत दिली, माझ्यापेक्षा नीट.

"सुती आहे ही," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी नायलॉन म्हणाला होतात."

मी पँट काउंटरखाली सरकवली.

"मी यादी केली. पहाटे पाचला नायलॉनचे गडद, लांब कपडे घालून कोण फिरतं? पहारेकरी. त्याचा कोट आखूड असतो. रेनकोटवाले. पाऊस नव्हता. राहिले दवाखान्यातले." जरा थांबला. "आपण इतके दिवस माणूस माणूस म्हणतोय. बाई उंच असू शकत नाही का?"

आवाज इतका मऊ की शेजारच्या दुकानात बसलेल्याला वाटावं, आम्ही हवापाण्याचं बोलतोय.

जाताना विचारलं, "तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत ना? गुडघ्याचं काय म्हणतंय?"

मी त्याच्याशी त्यांच्या गुडघ्याबद्दल कधीही बोललेले नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीतून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर उभा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खांबावरचे कॅमेरे काढून आणायला गेले. काढण्याआधी तिसऱ्याचं, रंगीताचं चित्रण पाहिलं. त्याच्या रुंद लेन्समध्ये आमच्या घराचा कोपराही येतो, हे बसवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काल पहाटे ४:४० ते ६:३५. तो फुटपाथवर उभा. मी चित्र पळवून पाहिलं – चौपट वेगाने, सोळापट वेगाने. झाडाची पानं वेड्यासारखी हलतात, एक मांजर इकडून तिकडे उडतं, आकाश उजळतं. तो तसाच. हात नाही, मान नाही. इतका स्पष्ट आलाय की स्वेटरची वीण दिसते. साडेसहाला सासूबाई पाळी संपवून येतात, दार उघडून आत जातात. तेव्हा फक्त त्याची मान वळते.

मग तो वर खांबाकडे बघतो. सरळ कॅमेऱ्यात. चेहरा लख्ख. इतकी चांगली फ्रेम मी दुकानात कोणाला दाखवलेली नाही.

पोलीस चौकीत गेले ते चित्रण घेऊन. हवालदाराने नीट पाहिलं, वाईट माणूस नव्हता. "बाई, हा उभा आहे. उभं राहण्यावर कुठलं कलम लावू?" तक्रार मात्र वहीत लिहून घेतली. मी मागे लागले म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई सकाळी आल्या त्या हातपाय न धुता खुर्चीत बसल्या.

काल संध्याकाळी त्याने दवाखान्यात शिबिर लावलं. आयांची नेत्रतपासणी. मेट्रन खूश, सगळ्या खूश. बाकावर बसवून एकेकीच्या डोळ्यात बॅटरी टाकून बघत होता आणि गप्पा मारत होता. घरी कोण, गाव कुठलं, हल्ली कोणी नवीन कामाला लागलंय का.

"आणि तुमचे?"

"माझेही तपासले. नाही म्हटलं असतं तर चौघींच्या डोळ्यांवर आलं असतं." पाणी प्यायल्या. "म्हणाला, तुम्हाला लांबचं छान दिसतं, जवळचंच दिसत नाही."

त्यांच्या आधी जी बसली होती, त्या बिचारीला काय ठाऊक! मनापासून सांगून मोकळी झाली – या आमच्या थोरल्या ताई फार परोपकारी, आत्ताच एका बाईला आमच्या दुसऱ्या दवाखान्यात धुलाईखान्यात लावून दिलं, इथून चार तास लांब.

सासूबाई भिंतीपलीकडून ऐकत होत्या. काहीच करता आलं नाही.

लगेच ती राहते तिथल्या घरमालकिणीला फोन लावला. घरमालकीण म्हणाली, कामावर गेलीय, ठीक आहे, निरोप देते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फुटपाथ रिकामा. कालही रिकामा होता. हायसं वाटायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्याच्या दुकानाला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, रविवारपासून बंद आहे, माल आणायला बाहेरगावी गेलेत. काचेच्या आत तो अक्षरांचा तक्ता उलटा लावून ठेवलाय.

सासूबाईंनी दिवसभरात नऊ वेळा फोन लावला. घरमालकिणीचा फोन वाजतो, उचलत नाही. तिथल्या दवाखान्यात विचारलं तर म्हणे, सोमवारपासून कामावर आलेली नाही. तिथल्या पोलीस ठाण्यात मी बोलले. माझ्या तक्रारीचा नंबर सांगितला, पत्ता सासूबाईंनी सांगितला. माणूस पाठवतो म्हणाले.

आज मला पत्ता कळला. आता खोटं बोलायची पाळी माझ्यावरही येणार.

पहाटेची पहिली गाडी पकडायची ठरलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी फलाटाला लागायची आहे तेवढ्यात लिहितेय. मघाशी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, अगदी हळू. "कॅमेऱ्याच्या दुकानातल्या ताई ना? मावशींनी नंबर दिला होता, अडलंच तर म्हणून. मला एक कॅमेरा हवाय. अंधारात चेहरा दिसेल असा. घरमालकीण गावाला गेलीय, मी एकटी आहे. रविवारपासून समोर कोणीतरी उभं आहे असं मला दिसतं. हलत नाही. खरंच कोणी आहे की मला नुसतं वाटतंय, तेवढंच बघायचंय."

मी म्हणाले, "वाटत नाहीये. तो आहे. दार उघडू नका."

पलीकडे रडू फुटलं. घाबरल्याचं नव्हतं ते. सुटल्यासारखं होतं.